धुऱ्यावरची जागल

या अंकाच्या संपादकांनी मला तीन पानं देऊ केली. मी आठ मागितली. सहावर जमलं. समोरच्याने पहिला आकडा सांगितला की आपण चपला घालून उठायचं, हे मी दहाव्या वर्षी दारव्ह्याच्या बसस्टँडवर शिकले. आमच्या तांड्यामागच्या डोंगरातली सीताफळं टोपलीत भरून याडी, म्हणजे माझी आई, आणि मी तिथे यायचो. याडीला मराठी धड येत नव्हतं, म्हणून टोपली तिची आणि तोंड माझं. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर आला की गाडी सुटायच्या आत सौदा व्हायला हवा. कोण खरंच घेणार आणि कोण नुसतं फळ दाबून परत ठेवणार, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. गिऱ्हाईक अडून बसलं की मी टोपली उचलायचे आणि चालायला लागायचे. दहा पावलांत हाक यायचीच.

पुढे मी समाजकार्याची पदवी घेतली, समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. त्यासाठी दिवसा काय काय केलं ते सांगत बसत नाही, सहा पानंच आहेत. नागपूरच्या एका संस्थेने माजी सैनिकांसाठी काम सुरू केलं तेव्हा यवतमाळ जिल्हा माझ्याकडे आला, आणि गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत माझ्याकडेच राहिला. काम थेरपिस्टचं. टेबलावरची पाटी मात्र ‘समन्वयक’. पाटी बदला म्हणून मी किती पत्रं लिहिली ते नागपूरच्या फायलींना माहीत. थेरपिस्ट म्हणून ज्यांची पाटी होती ते साहेब तीन महिन्यांतून एकदा यायचे, जिल्ह्याचं हवामान किती गरम आहे ते सांगायचे आणि चारच्या आत परतीला लागायचे.

असो. म्हणजे असो नाही, पण पुढे जाते.

बाहेरच्या माणसाला हे काम समजत नाही. फौजेतून आलेला माणूस पेन्शन घेतो, मिशा पिळतो, पंधरा ऑगस्टला पहिल्या खुर्चीवर बसतो, एवढंच गाव बघतं. त्यातल्या काहींच्या बाबतीत असं होतं की जे घडून गेलं ते त्यांच्या शरीराला अजून पटलेलं नसतं. माणूस घाटंजीत किंवा नेरला स्वतःच्या ओसरीवर बसलेला असतो, पण अंग अजून त्या जागी उभं असतं. मग झोप जाते, राग नाकावर येतो, हात थरथरतो, बायको मुलं लांब लांब राहतात. आमचं काम त्या माणसासोबत बसायचं, जे घडलं ते थोडं थोडं बोलतं करायचं, आणि ते बोलताना तो आज, इथे, या खुर्चीवर आहे याची खूण त्याच्या हातापायांना पटवायची. सोबत डॉक्टरांच्या गोळ्या, सैनिक बोर्डाचे कागद, बायकोचं ऐकणं, बसच्या वेळा. समन्वय म्हणजे पाच जणांशी पाच वेगळ्या प्रकारे भांडणं. ते मला छान जमायचं.

स्वतः मात्र मला एका जागी बसता येत नाही. ऐकताना मी उठते, खिडकी उघडते, बंद करते. माझ्या शिक्षकांनी यासाठी मला दोनदा झापलं होतं. फौजींना मात्र ते चालायचं. एक जण म्हणाला, “बाई, तुमी फिरता ते बरं हाय. मले वाटते कोनीतरी ड्युटीवर हाय.”

पहिली अडचण माणूस यायचा कसा. मनाच्या दवाखान्याची पायरी चढताना दिसलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. यवतमाळच्या ऑफिसात पहिले तीन महिने मी आणि पंखा. मग मी दारव्ह्याला आठवडी बाजाराच्या दिवशी एका बियाण्याच्या दुकानामागची खोली मिळवली. बाजाराला कोणीही येतो, कोणी काही विचारत नाही. नियम एकच ठेवला: येताना हातात रिकामी पिशवी पाहिजे, जाताना भरलेली. एक सुभेदार होते. पहिल्या पाच खेपा आले, सावधान उभे राहिले, “सब ठीक है” म्हणाले आणि गेले. सहाव्या खेपेला बसले ते दीड तास बोलले, आणि निघाल्यावर दहा मिनिटांत धापा टाकत परत आले. पिशवी रिकामीच होती, बाजार उठला होता. मी माझ्या घरासाठी घेतलेली मेथी आणि वांगी त्यांच्या पिशवीत टाकली. पुढच्या वेळी म्हणाले, “घरची विचारे, आज एवढी ताजी मेथी कशी काय आनली?” त्यांच्या आजारात पडलेला तो पहिला फरक मी फाईलमध्ये तसाच नोंदवला. साहेबांनी त्यावर लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं.

दुसरा एक ड्रायव्हर. पहाडात ताफ्याच्या गाड्या चालवलेला. निवृत्तीनंतर स्वतःचा मालवाहू ऑटो घेतला आणि यवतमाळ-दारव्हा रस्त्याच्या बरोबर मधोमध, बैलगाडीच्या चालीने चालवायचा. कडेला काही पुरलेलं असेल तर? मागे भोंग्यांची रांग. मी त्याच्या शेजारी बसून सौदा केला: आज या वडापासून त्या पुलापर्यंत डावीकडे, बाकी सगळा रस्ता तुमचा. पुढच्या खेपेला पुलापासून ढाब्यापर्यंत. पावसाळा संपेपर्यंत तो अर्ध्या रस्त्यापर्यंत डावीकडे आला. अर्ध्याच्या पुढे माझं काही चाललं नाही. अर्धा रस्ता अजून मधोमधच जातो. माझं निम्मंच काम झालं हे मला अजून टोचतं, त्या रस्त्याने गेले की जास्त.

मी सौदा करायचे. आमच्या पुस्तकांत त्याला वेगळं नाव आहे, पण तो सौदाच. फौजी माणसाला दया दाखवली की तो उठून जातो. घासाघीस केली की त्याला वाटतं, आपल्याजवळ अजून देण्यासारखं काही आहे. या कौशल्याचा मला फार अभिमान होता. ज्याची गोष्ट सांगायला मी सहा पानं मागून घेतली, त्याच्या बाबतीत याच कौशल्याने माझा घात केला.

त्याचं नाव प्रल्हाद ठेवते. गावाचं नाव सांगत नाही, दारव्हा तालुक्यात आहे एवढं पुरे. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. गाव त्याला नावाने हाक मारत नाही, ‘मिल्ट्री’ म्हणतं. तो माझ्याकडे आलाच नाही. त्याची बायको सविता बाजाराची पिशवी घेऊन आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

“हे रात्री घरात नसते बाई. अन् दिवसा घरात असून नसते.”

“कुठे असतात रात्री?”

“वावरात. जागलीले.”

ज्यांनी आमच्याकडची शेतं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एका रात्रीत उभं पीक आडवं करतात. म्हणून पीक दाण्यावर आलं की घरातला एक माणूस रात्रभर शेतात मचाणावर बसतो, डबा वाजवतो, बॅटरी मारतो. त्याला जागल म्हणतात. ती हंगामापुरती असते. प्रल्हाद मात्र घरी परतल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, बारा महिने जागलीला होता. वावर रिकामं असलं तरी. आणि फक्त स्वतःच्या नाही, आसपासच्या वीस-बावीस जणांच्या वावरांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तो रात्रभर गस्त घालायचा. चार फेऱ्या. ठरलेल्या वेळी.

गाव खूश होतं. त्या बाजूच्या लोकांनी जागल करणं सोडून दिलं होतं. कुंपणाला विजेचा झटका देणारी मशीन घ्यायचा विचार सोडून दिला होता. कोणी त्याला भाकर पाठवायचं, कोणी ताक. ग्रामसभेत त्याला शाल आणि नारळ दिला होता. माझ्या सगळ्या नोकरीत मी असा आजार पाहिला नाही, ज्याचा गावाने सत्कार केला.

“मचानावरून पडले मागच्या महिन्यात,” सविता म्हणाली. “हात कापते. पोरगी दहावीले हाय, तिच्या पुस्तकाचं पान वाजलं तरी आंगावर जाते. म्या ठरोलं बाई. चार महिने पायतो. मंग पोरीले घेऊन माहेरी. वापस येत नाई.”

ती भांडायला आली नव्हती, ठरवून आली होती. चेहरा मला कळतो. चार महिन्यांत हा माणूस घरात झोपायला लागला नाही, तर त्याचं घर उठणार होतं.

त्याला बाजारात आणायला मला तीन आठवडे लागले. आला तेव्हा खुर्चीवर बसला नाही, दाराशी उभा राहिला. मी आठवड्यातून तीन रात्री घरी मागितल्या. तो एकही देईना. मी चपला घातल्या. “दोन तास,” तो म्हणाला. “सोमवारी. दोन तास घरी.” मी पाच म्हटलं. साडेतीनवर जमलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि बाजाराच्या खोलीत तो हळूहळू बोलायला लागला.

आठव्या खेपेला त्याने ते सांगितलं. वर पहाडात एका चौकीवर त्याला ताप भरला होता. त्याची पहाऱ्याची पाळी जोडीदाराने घेतली. “झोप तू, मी जातो,” एवढंच म्हणाला आणि गेला. प्रल्हाद झोपला. जोडीदार परत आला नाही. त्या रात्रीपासून प्रल्हादच्या ऐवजी कोणी उभं आहे आणि प्रल्हाद झोपला आहे, ही गोष्ट त्याच्या शरीराला सहन होत नव्हती. “हे सविताले बी सांगतलं नाई,” तो म्हणाला. “तुमाले सांगतलं.”

तिसरा महिना संपता संपता तो आठवड्यातून चार रात्री घरी झोपायला लागला. आणि वसंतरावांच्या तुरीत डुकरं घुसली.

वसंतराव म्हणजे त्या बाजूचे मोठे शेतकरी, प्रल्हादच्या धुऱ्याला धुरा लागून. त्यांचा फोन आला, “बाई, गावात या. बोलाचं हाय.” सकाळी नऊला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. प्रल्हाद नव्हता, तो त्या दिवशी गोळ्या आणायला यवतमाळला गेला होता.

वसंतरावांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग म्हणाले, “बाई, तुमी आमचा चांगला चालता चौकीदार कायले बिघडवून राह्यल्या?”

“ते चौकीदार नाहीत. आजारी आहेत.”

“आजारी?” मागून कोणीतरी म्हणालं. “रातभर चार फेऱ्या मारते तो. आमीच झोपून झोपून आजारी पडलो बाप्पा.”

सगळे हसले. वसंतरावही हसले. माणूस वाईट नाही, पण त्यांची तूर गेली होती आणि फुकटचा पहारा गेला होता. मी म्हटलं, तुम्ही पाळ्या लावा, घरटी एक रात्र येईल. ते म्हणाले, त्याला झोप येत नाही, आम्हाला येते, मग ज्याला येत नाही त्यानेच जागावं, यात चुकलं काय? मी म्हटलं, त्याचं घर उठेल. ते म्हणाले, बायका असं म्हणतात, जात नाहीत. मी चपला घातल्या. कोणी हाक मारली नाही. मी चार पावलं जाऊन स्वतःच वळले, आणि माझं डोकं फिरलं.

“त्याच्या बदल्यात उभा राहिलेला माणूस मेला, म्हणून तो झोपत नाही!” मी ओरडले. “तीन वर्षं तो तुमच्या डुकरांसाठी जागत नाही. त्या मेलेल्या माणसासाठी जागतो. आणि तुम्ही त्याला नारळ देता!”

वसंतरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “कागद आना रे.” एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अर्ध्या तासात पाळ्यांची यादी झाली. पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं.

मी यवतमाळपर्यंत खुशीत आले. एसटीत शेंगदाणे खाल्ले. वीस माणसं एकटीने वळवली होती! आपण काय देऊन हा सौदा मिळवला, ते मला यवतमाळला उतरेपर्यंत सुचलंही नाही. उतरल्यावर सुचलं, आणि स्टँडवर मी तशीच उभी राहिले. मागचे लोक “बाई, सरका” म्हणत होते. टोपलीत कधी दुसऱ्याचं फळ घातलं नव्हतं मी. आणि त्या दिवशी जो माल माझा नव्हताच तो विकून आले होते.

त्याला आपणच सांगायचं असं मी ठरवलं. पुढच्या बाजारी, खोलीत, नीट. चार दिवस होते मध्ये. चार दिवस! लगेच उलट पावली जायला हवं होतं, हे आता कळतं.

त्याआधी वसंतराव बोलले. मनाने चांगलंच करायला गेले. आपल्या पाळीच्या दिवशी संध्याकाळी शेताकडे जाताना प्रल्हादच्या दारात थांबले आणि म्हणाले, “मिल्ट्री, बिनधास झोप आता. मी उभा हाओ. मी नाई मरत.”

हे मला सविताने फोनवर सांगितलं. म्हणाली, प्रल्हादचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने गोळ्यांची पाकिटं घरामागच्या नालीत टाकली आणि वावरात गेला. वसंतरावांना मचाणावर चढू दिलं नाही. तेव्हापासून दिवसाही घरी आला नव्हता.

“तुमी काय केलं बाई?” सविताने विचारलं. “मलेच ठाव नव्हतं ते. म्या वसंतरावच्या तोंडून ऐकलं.”

महिन्याच्या अहवालात मी सगळं लिहिलं. लपवणं मला जमत नाही. आठ दिवसांत नागपूरहून मेमो आला, की रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग झाल्याचं निदर्शनास आलं आहे, खुलासा करावा. निदर्शनास कोणी आणलं? मीच. तो मेमो मी फाडला, चिकटवला आणि परत फाईलला लावला. त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. चूक असता तर मी त्यांच्याशी भांडले असते. बरोबर होता, म्हणून अजून संताप येतो.

मेमो यायच्या आधीच मी प्रल्हादकडे गेले होते. भर दुपारी. सविता गावात वाट पाहत होती, तिच्या चार महिन्यांतले तीन आठवडे उरले होते. तूर शेंगांनी लदलेली होती. प्रल्हाद मचाणावर पाय लोंबकळत बसला होता. दाढी वाढलेली, हात मांडीखाली दाबलेले, थरथर दिसू नये म्हणून.

“वर येऊ नका,” तो म्हणाला.

मी खाली उन्हात उभी राहिले.

“बाई, तुमचा धंदा काय?”

“ऐकायचा.”

“अन् विकाचा?”

मी म्हटलं, “चूक झाली. माफी मागायला आले.”

“माफीचं काय करू? डुकराले टाकू?”

“मग काय पाहिजे ते सांगा.”

तो मचाणाच्या कडेला सरकला. मग म्हणाला, “बराबरीचं. माह्यं एक साऱ्या गावात गेलं. तुमचं एक मले द्या. असं की जे तुमच्या घरी बी कोनाले ठाव नसंन.”

आमच्या शिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात, आपलं समोरच्याच्या डोक्यावर ठेवायचं नाही. तो आपलं ओझं उतरवायला आलेला असतो. मी त्याला तसं सांगितलं. नियम आहे म्हटलं.

“गावात सांगाचं होतं तवा नियम नव्हता?”

मी रागावले. खरं सांगते, चूक माझी असूनही रागावले. चपला पायातच होत्या. मी वळले आणि चालायला लागले. दहा पावलं. धुऱ्यापर्यंत पोचले. पंधरा, वीस. मागून हाक आली नाही. तो खरंच गिऱ्हाईक नव्हता. त्याला माझ्याकडून काही नको होतं, आणि मला मात्र तो परत हवा होता. चाळीस वर्षं ज्या जागेवर मी दुसऱ्यांना उभं केलं, तिथे मी उभी होते.

मी परत गेले. मचाणाखाली मातीत बसले आणि त्याला एक गोष्ट सांगितली. लहान नव्हती. ती मी कोणाला सांगितली नव्हती, याडीलाही नाही, ज्यांच्याशी संसार केला त्यांनाही नाही. सांगताना मी एकदाही उठले नाही, येरझारा घातल्या नाहीत.

संपल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, चांगला प्रश्न होता, आमच्या साहेबांना सुचला नसता असा. मी उत्तर दिलं. मग तो खाली उतरला आणि तांब्यातलं पाणी माझ्यापुढे केलं.

“आता बराबर,” म्हणाला.

त्यानंतर जे झालं त्याचं श्रेय मला घेता येत नाही. मी गोळ्यांचं बोलत होते, पाळ्यांचं बोलत होते. त्याने एकच अट घातली, आणि ती अट माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. “माह्या पाळीले जो कोनी जाईन, त्यानं सकाळी माह्या दारात याव. तोंड दाखवाव. मंग घरी जाव.”

पहिली पाळी परत वसंतरावांची. सविताने मला सांगितलं ते असं: प्रल्हाद रात्रभर अंगणात बसून होता, झोपला नाही. पण घरात होता. उजाडताच त्याने चहा ठेवायला लावला. चहा गार झाला. पुन्हा ठेवला. सूर्य कासराभर वर आल्यावर वसंतराव काठी टेकत आले आणि दारातूनच म्हणाले, “पाय रे मिल्ट्री. दोन हात, दोन पाय, मिशी. सारं वापस आनलं. मोजून घे.”

प्रल्हाद उठला. जवळ गेला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दंडावर ठेवला. आधी त्याच दारात आपण काय बोलून गेलो होतो ते वसंतरावांना आता कळलं होतं बहुतेक. मान खाली घालून उभे राहिले. मग दोघांनी चहा घेतला. वसंतराव गेल्यावर प्रल्हाद आडवा झाला आणि दुपारी अडीचला उठला.

पुढे तो रात्री झोपायला लागला. आधी दोन तास, मग चार. रोज सकाळी कोणीतरी दारात येतं, “मिल्ट्री, आलो रे,” म्हणतं, चहा पितं, जातं. सविता म्हणते, साखर पुरत नाही. माहेरी ती गेली, पण दिवाळीला, आणि परत आली. तो पूर्ण बरा झाला असं मी म्हणत नाही. गोळ्या चालू आहेत. कोणाला यायला उशीर झाला की तो अजून धुऱ्याकडे धावत सुटतो. एकदा एक जण तोंड न दाखवताच परस्पर सासुरवाडीला निघून गेला होता, तर प्रल्हादने त्याला बसमधून उतरवून आणलं आणि सगळ्या गावासमोर शिव्या घातल्या. त्यात प्रल्हादची दोन महिन्यांची प्रगती वाया गेली.

दीड वर्षाने संस्थेने एक रंगीत पुस्तिका काढली. तिच्या मधल्या पानावर मोठा फोटो: प्रल्हादचं दार, चहाचा कप हातात घेतलेले वसंतराव. खाली ओळ, ‘समुदायाच्या सहभागातून उपचार: आमचा पथदर्शी प्रयोग’. आमचा! ज्या कामाबद्दल मला मेमो, त्याच कामाबद्दल त्यांना टाळ्या. माझं नाव कुठे नव्हतं, समन्वयक म्हणूनही नाही. मी नागपूरला फोन करून जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. साहेब म्हणाले, “नाव घातलं असतं तर मेमोचाही उल्लेख करावा लागला असता.” फोन ठेवल्यावर मी भिंतीला पाठ लावून हसले. सौदा त्यांनाही येतो.

आता निवृत्त आहे. घरी बसवत नाही. सकाळी सातला हात फोनकडे जातो, सविताने काही कळवलं का बघायला. ती काही कळवत नाही, तिला काम असतं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, शांत आहे, आवाज चढवत नाही. तिच्या टेबलावर पाटी ‘थेरपिस्ट’ अशी आहे. ती पाटी मी स्वतः जाऊन बघून आले.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्या गावात गेले. या वेळी माल कोणाचा आहे ते विचारूनच. प्रल्हाद आणि सविता ओसरीवर बसले, मी सगळं वाचून दाखवलं. सविता मेथीच्या गोष्टीला हसली. चौकीवरचं आलं तेव्हा मी थांबले.

“वाचा,” प्रल्हाद म्हणाला. “आता गावाले ठावच हाय. छापा. जोडीदाराचं नाव तेवढं नका छापू.”

ते मी लिहिलंच नव्हतं. पुढे वाचत गेले. मचाणापर्यंत आले तेव्हा मी म्हटलं, “मी तुम्हाला जे सांगितलं तेही लिहावं म्हणते. तुमचं एवढं छापून येणार, आणि माझं झाकलेलं, हे बरोबर नाही.”

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. माझ्यासारखाच.

“नाई बाई. माह्यं सारं लिहा,” तो म्हणाला. “ते नका लिहू. ते तुमी मले देल्लं. ते आता माह्यं हाय.”

सविताने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्याने ते तिलाही सांगितलेलं नव्हतं.